पुण्यात पंचवीस वर्षांनी बॅच जमवायची आहे. कधी, कुठे, कशी?

मुठेकाठचा:
मंडळी, आमची इंजिनिअरिंगची बॅच २००१ ची. पंचवीस वर्षं होतात म्हणून एकदा पुण्यातच भेटायचं असं ग्रुपवर 'ठरलं' आहे. म्हणजे सत्तर जणांनी अंगठा दाखवलाय, पुढे कुणी हललेलं नाही. बॅचचे आम्ही पुण्यात उरलो सहाच जण, त्यामुळे काम आमच्या गळ्यात. बाकीचे मुंबई, नाशिक, नागपूर, बंगळूर, आणि पंधराएक जण अमेरिका-युरोपात. बहुतेक सगळे होस्टेलवर राहिलेले, त्यामुळे पुण्यात आता त्यांचं घर नाही.

प्रश्न असे:
तारखा २६-२७ डिसेंबर २०२६ की २-३ जानेवारी २०२७?
मुळशी-पानशेतकडचं एखादं रिसॉर्ट घ्यावं की शहरातच जमावं?
पैसे कसे गोळा करावेत?
आणि ज्यांचा पत्ताच नाही अशा वीसेक जणांना शोधायचं कसं?

'मजा येईल, नक्की करा' असे प्रतिसाद नकोत. ते ग्रुपवर भरपूर मिळालेत.

कट्टा_नंबर_तीन:
रुमाल टाकून ठेवतो. मजा येईल, नक्की करा.

सदाशिव_सोडलेला:
रिसॉर्ट अजिबात नको. लोक येणार ते पुण्याला भेटायला. मुळशीच्या रिसॉर्टवर नेऊन कोंडायचं असेल तर मग लोणावळा, इगतपुरी, महाबळेश्वर काय वाईट? शिवाय रिसॉर्टवर एकदा गेलं की कुणाला मधेच दोन तास आत्याकडे जाऊन येता येत नाही. पुणं सोडून गेलेल्या प्रत्येकाची इथे एक आत्या असतेच.

पंचांगवाले_काका:
तारखेचं आधी बघा, बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. पौषात लग्नं जवळजवळ नसतात, त्यामुळे हॉल सहज मिळतात आणि भावही खाली येतात. एरवी पौष डिसेंबरअखेर लागतो. पण २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे पुढचे सगळे महिने सरकले. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आणि पौष थेट ८ जानेवारीच्या सुमारास. म्हणजे तुमच्या दोन्ही तारखा मार्गशीर्षात पडतात आणि हॉलसाठी लग्नवाल्यांशी गाठ आहे.

हॉल स्वस्तात हवा असेल तर ९-१० जानेवारी (शनिवार-रविवार) धरा.

टेक्सासची_ताई:
काका, पंचांग बरोबर, पण ९ जानेवारीला परदेशातलं कुणी उरणार नाही. अमेरिकेत बऱ्याच शाळा सोमवारी, ४ जानेवारीला उघडतात. मुलांना घेऊन येणाऱ्यांना २ नाहीतर ३ तारखेला विमानात बसावंच लागतं. म्हणजे २-३ जानेवारी हा पर्यायही आमच्यासाठी नावापुरताच.

आणखी एक. परदेशातून आलेल्यांना पहिले दोन-तीन दिवस रात्री आठलाच डोळे मिटतात आणि पहाटे तीनला टक्क जाग येते. त्यामुळे मुख्य कार्यक्रम संध्याकाळी ठेवू नका. सकाळी दहा ते दुपारी चार ठेवलात तर सगळे शुद्धीवर असतील.

मुठेकाठचा:
सकाळी दहाला पुण्यातले लोक शुद्धीवर असतील का, हा प्रश्न आहे. पण मुद्दा लक्षात आला. मग २६-२७ डिसेंबर?

घाटातला_गडी:
२६-२७ तर मुळीच नको. २५ डिसेंबर शुक्रवारी आहे. म्हणजे तीन दिवसांची सुट्टी, आणि गुरुवारी संध्याकाळपासून अख्खी मुंबई लोणावळ्याच्या दिशेने. एक्स्प्रेसवे ९४.५ किलोमीटरचा, एरवी दीड तासाचं काम. पण अशा वीकेंडला खंडाळ्याच्या घाटातच दोन तास जातात, आणि रविवारी संध्याकाळी परतताना तेच उलट दिशेने.

सरळ सोमवार-मंगळवार घ्या, २८-२९ डिसेंबर. वर्षातला तो आठवडा बहुतेक कंपन्यांत झोपेचाच असतो. उरलेल्या रजा वाया जाऊ नयेत म्हणून लोक तसेही घेतात. हॉल, हॉटेलं, टॅक्सी, सगळं शनिवार-रविवारपेक्षा मोकळं. मुंबईकरांनी सोमवारी पहाटे निघावं आणि मंगळवारी रात्री परतावं, दोन्ही वेळेला घाट रिकामा.

रमा_नागपूर:
+१. फक्त डॉक्टर आणि स्वतःचा धंदा असलेल्यांना आधीच विचारा, त्यांना सोमवार जड जातो. आणि लोकांना 'कुठली तारीख चालेल?' असं मोकळं विचारू नका. दोन तारखा द्या, चार दिवसांची मुदत द्या, ग्रुपवर पोल टाका आणि मुदत संपली की पोल बंद. नाहीतर मार्चपर्यंत चर्चा चालेल.

सदाशिव_सोडलेला:
मार्च कुठल्या वर्षाचा तेही विचारून घ्या.

अंगठेमोजणी:
सत्तर अंगठ्यांवरून आकडा धरू नका, हे सांगायला आलो. होकाराचे प्रकार असतात. 'नक्की!!!' असं तीन उद्गारचिन्हांसह आलं तर शक्यता अर्धी. 'प्रयत्न करतो' म्हणजे येणार नाही, पण फोटो लगेच मागणार. 'बघतो' म्हणजे नाही. 'तारीख कळव, तिकीट काढतो' असं साधेपणाने लिहिणारा हमखास येतो. आणि जो ग्रुपवर कधीच बोलत नाही तो थेट हजर होतो, बहुतेक वेळा बायको-मुलांसकट.

खरा आकडा एकच, पैसे भरलेल्यांचा. माणशी रकमेच्या निम्मी रक्कम साठ दिवस आधी, उरलेली एकवीस दिवस आधी. पहिला हप्ता भरला की नाव पक्कं. एकवीस दिवसांच्या आत रद्द केलं तर परत मिळणार नाही, हे पहिल्याच मेसेजमध्ये स्पष्ट लिहा. मित्रांत असं लिहायला संकोच वाटतो, पण न लिहिल्यावर शेवटच्या आठवड्यात जी कुजबुज होते ती जास्त वाईट.

हिशेबनीस_बाई:
पैशांवर थोडं सविस्तर, कारण अशा कार्यक्रमात भांडणं इथेच होतात.

खजिनदार दोन हवेत. एकाच्या खात्यात पैसे येतील, दुसरा नोंद ठेवेल. ज्या खात्यात पैसे घ्यायचे त्यात रोजचे व्यवहार नकोत. एखादं पडून असलेलं बचत खातं चालतं, फक्त ते निष्क्रिय झालेलं नाही ना ते आधी बघा. प्रत्येकाने यूपीआयने पैसे टाकताना शेऱ्यात आपलं नाव आणि इंजिनिअरिंगची शाखा लिहायची. कारण यूपीआयवर पाठवणाऱ्याचं नाव बऱ्याचदा बायकोचं किंवा दुकानाचं दिसतं आणि मग 'हे कुणाचे आले?' असा शोध सुरू होतो.

परदेशातल्यांकडून थेट परकीय चलनात घेण्याच्या भानगडीत पडू नका. ज्यांचं इथे एनआरई किंवा एनआरओ खातं (परदेशस्थ भारतीयांचं बँक खातं) आहे त्यांना त्यावरून यूपीआय करता येतं. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, अमिरात अशा काही देशांतले मोबाईल नंबरही त्याला चालतात, बँकेने सोय दिलेली असली म्हणजे झालं. नसेल तर भारतातल्या एका मित्राने त्यांचे भरावेत आणि दोघांनी आपसात बघून घ्यावं. खजिनदाराला फक्त रुपये दिसले पाहिजेत.

शीटमध्ये रकाने थोडेच ठेवा: नाव, शाखा, येणारी माणसं, पहिला हप्ता, दुसरा हप्ता, मुक्काम हवा का, शाकाहारी की मांसाहारी, पोहोचण्याची वेळ. फोन नंबर त्या शीटमध्ये नकोत, कारण तिची लिंक सगळीकडे फिरते. आणि एकूण खर्चावर दहा टक्के वाढीव धरा. उरले तर परत वाटत बसू नका. कशाला द्यायचे ते आधीच ठरवून ठेवा, नाहीतर त्यावर वेगळा धागा काढावा लागेल.

पेठेतला_बोका:
हिशेबनीस बाई, दंडवत. आमच्या सोसायटीत येता का?

मुठेकाठचा:
२८-२९ वर माझंही मन बसतंय. आता जागेचं बोला. आमच्यातले निम्मे अजून रिसॉर्ट म्हणताहेत. एकाच ठिकाणी सगळे राहतील, रात्रभर गप्पा होतील, गाड्या चालवायला नकोत.

मुळशीचा_वारा:
रिसॉर्टची बाजू मांडतो, इथे उगाच हाकाटी चालली आहे. भेटीतला खरा वेळ रात्री अकरा ते तीन. शहरात हॉल दहाला बंद होतो, मग दहा जण एका हॉटेलवर, पाच दुसऱ्या, चार सासुरवाडीला. गप्पा तिथेच तुटतात. रिसॉर्टवर हे होत नाही. सत्तर अंगठ्यांतले पंचेचाळीस आले असं धरलं तर तिघा-तिघांत पंधरा खोल्या पुरतात. आणि चांदणी चौक नवा झाल्यापासून बाहेर पडणंही तितकं त्रासाचं राहिलेलं नाही.

सदाशिव_सोडलेला:
चांदणी चौकाचा जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ ला मध्यरात्री पाडला आणि त्याच्या जागी आता रॅम्पचं जाळं आहे, हे खरं. पण पंचवीस वर्षांपूर्वी पुणं सोडलेला माणूस त्या जाळ्यातून मुळशीच्या ऐवजी थेट मुंबईच्या दिशेला निघतो. एक्झिट चुकली की पुढचं वळण लांब आहे.

रात्रीच्या गप्पांचा मुद्दा मान्य. त्यावर उपाय रिसॉर्ट नाही. सगळ्यांना एकाच हॉटेलात उतरवा. डेक्कन, शिवाजीनगर किंवा स्टेशन परिसरातलं मध्यम हॉटेल, वीसेक खोल्यांचा एकगठ्ठा भाव घ्यायचा आणि एक मोठी खोली किंवा गच्ची रात्री बसायला मागून घ्यायची. आत्यावालेसुद्धा मग पहाटे तीनपर्यंत हलत नाहीत.

हॉटेल_डेस्क:
एकगठ्ठा भाव मागताना तीन गोष्टी लेखी घ्या. भाव टॅक्स धरून आहे की वेगळा. किती खोल्या किती दिवस आधीपर्यंत विनाशुल्क सोडता येतील. आणि नाश्ता किती माणसांचा धरलाय, कारण एका खोलीत तिसरा माणूस घातला की नाश्त्याचा वाद होतो. चेक-इन बहुतेक ठिकाणी दुपारी दोनला असतं. सोमवारी सकाळी दहाला कार्यक्रम म्हणजे सामान ठेवायला आणि तोंड धुवायला दोन खोल्या रविवार रात्रीपासून घेऊन ठेवा.

ज्यांच्याकडे आता परदेशी पासपोर्ट आहे त्यांनी पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीयांना मिळतं ते) दोन्ही जवळ ठेवावीत. हॉटेलला परदेशी नागरिकाची वेगळी नोंद करावी लागते. लहान लॉज ती कटकट नको म्हणून खोली नाकारतात. बुकिंग करतानाच विचारून घ्या, रात्री एक वाजता काउंटरवर नको.

घाटातला_गडी:
येण्याजाण्याचं लिहून टाकतो, कारण २००१ मधलं डोक्यातलं पुणं घेऊन आलं की पहिली फसगत इथेच होते.

शिवाजीनगरचं एसटी स्टँड तिथे नाही. मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या अखेरीस ते वाकडेवाडीला हललं. नाशिक, संभाजीनगरकडून येणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. 'स्टँडसमोर भेटू' म्हणालात तर अर्धे जुन्या जागी उभे राहतील. स्वारगेट जागेवर आहे.

रेल्वेने येणाऱ्यांनी तिकिटावर शेवटचं स्टेशन पुणे जंक्शन आहे की हडपसर ते बघावं, काही गाड्या आता हडपसरलाच संपतात. मुंबईकरांना संध्याकाळी ५.१० ची डेक्कन क्वीन आहेच, १९३० पासूनची. नागपूरकरांना २०२५ पासून अजनी-पुणे वंदे भारत झाली, रात्र गाडीत काढावी लागत नाही.

विमानाने लोहगावला उतरलात तर ॲपवरच्या टॅक्सीसाठी समोरच्या एरोमॉलमध्ये जावं लागतं, दारात येत नाही. सर्वात जवळचं मेट्रो स्टेशन रामवाडी, पण सामान घेऊन चालत जाण्याइतकं जवळ नाही. मुंबईला उतरणाऱ्यांची विमानं बहुतेक मध्यरात्रीची. बाहेर पडेपर्यंत दोन-अडीच वाजतात, ते बरंच आहे, रस्ता मोकळा असतो. मात्र स्वतः गाडी चालवू नका आणि ड्रायव्हर रात्रभर जागाच आहे का ते विचारा. दोघं-तिघं मागेपुढे उतरत असतील तर एक मोठी गाडी धरा, पण दोन विमानांत दीड तासापेक्षा जास्त फरक असेल तर नको. पहिला उतरलेला चिडतो आणि पुढचे दोन दिवस ऐकवतो.

पंचांगवाले_काका:
भर घालतो. जे पुढे नववर्षापर्यंत थांबणार असतील त्यांनी १ जानेवारीला नगर रस्त्याने प्रवास टाळावा. पेरणे इथल्या जयस्तंभाला अभिवादनासाठी लाखो लोक येतात आणि ३१ च्या दुपारपासूनच त्या रस्त्यावरची वाहतूक वळवतात. अहिल्यानगर, संभाजीनगरवाल्यांनी ३० लाच परतलेलं बरं. आणि ३१ ला संध्याकाळी लष्कर भागातला महात्मा गांधी रस्ता व फर्ग्युसन रस्ता गाड्यांना बंद असतात.

अवांतर: ३१ डिसेंबर २०२६ गुरुवारी आहे. तोही मार्गशीर्षातला. ज्यांच्या घरी घट बसतो त्यांनी आपापलं बघावं.

पेठेतला_बोका:
काका, एवढं क्रूर पंचांग पहिल्यांदाच वाचलं.

पंगतवाढपी:
काकांच्या विनोदात कामाची गोष्ट आहे. मार्गशीर्षात बऱ्याच घरांत महिनाभर मांसाहार बंद असतो, नुसता गुरुवारी नाही. एरवी साठ-चाळीस धरत असाल तर या वेळी शाकाहारी बाजू वाढवा आणि फॉर्ममध्ये 'एरवी काय खाता' असं न विचारता 'त्या दिवशी काय खाणार' असं विचारा.

केटररशी बोलताना 'गॅरंटी' हा एकच आकडा महत्त्वाचा. कमी आले तरी तेवढ्या प्लेटांचे पैसे जातात. पैसे भरलेले पंचेचाळीस असतील तर गॅरंटी चाळीसची द्या आणि वरच्या प्लेटा त्याच भावाने मिळतील हे लिहून घ्या. प्लेटा मोजायला केटररच्या माणसाबरोबर आपला एक उभा करा. ताट बदलून दुसऱ्यांदा घेणाऱ्यांची मोजणी दोनदा होते आणि हिशेबात पाच-सहा प्लेटा वाढतात.

मेन्यू लांबवू नका. पन्नाशीकडे झुकलेल्या लोकांना चार भाज्या आणि तीन गोड नको असतात. एक पिठलं, एक रस्सा, भाकरी, वरण-भात, ताक, एक गोड. साखर नसलेला चहा वेगळ्या थर्मासात, आणि त्यावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी. सगळ्यांत आधी तोच संपतो.

मुळशीचा_वारा:
आणि 'ओलं' प्रकरण? सभ्यपणे कुणी विचारत नाहीये म्हणून मी विचारतो.

हॉटेल_डेस्क:
परमिट रूम असलेल्या हॉटेलात काही करावं लागत नाही. खाजगी हॉल किंवा लॉनवर बाहेरून आणायची असेल तर उत्पादन शुल्क खात्याचा एक दिवसाचा परवाना लागतो, तो ऑनलाइन काढता येतो. हॉलमालकाची लेखी संमती आधी घ्या, बरेच हॉल मुळातच नाही म्हणतात. स्पीकर उघड्यावर रात्री दहापर्यंतच. ३१ डिसेंबरला सहसा जी सूट मिळते ती २८ ला नसते. लॉन घ्यायचंच असेल तर डिसेंबरअखेर पुण्यात रात्री नऊनंतर चांगला गारठा पडतो हेही लक्षात घ्या. मुंबई-चेन्नईवाले अर्ध्या बाह्यांत येतात आणि मग सगळे शेगडीभोवती.

हिशेबनीस_बाई:
याचे पैसे मुख्य वर्गणीत घालू नका. पिणाऱ्यांचं वेगळं खातं. हा नियम मोडलेला प्रत्येक ग्रुप नंतर दोन ग्रुप होतो.

टेक्सासची_ताई:
बायका-नवरे-मुलं आणायची का, याचा निकाल आधीच लावा. माझं मत: पहिला दिवस फक्त बॅच, दुसऱ्या दिवशी सहकुटुंब. पहिल्या दिवशी कुटुंबं आणली की प्रत्येक जण आपल्या माणसाला बाकीच्यांची ओळख करून देत बसतो आणि जुन्या गप्पांना सुरुवातच होत नाही.

रमा_नागपूर:
सरसकट पटत नाही. बाहेरगावहून मुलांसह आलेल्या बाईने पहिल्या दिवशी मुलं कुठे ठेवायची? पुरुषांना हा प्रश्न पडत नाही म्हणून ते 'फक्त बॅच' म्हणतात आणि मग मुली का आल्या नाहीत म्हणून विचारतात. तुमचं फक्त बॅच करायचंच असेल तर हॉटेलात मुलांसाठी एक खोली, दोन मोठी भावंडं किंवा पगारी माणूस, आणि जेवणाची सोय याचा खर्च सगळ्यांच्या वर्गणीतून करा. पंचेचाळीस जणांत वाटला तर डोक्यावर फार येत नाही.

टेक्सासची_ताई:
हे जास्त बरोबर आहे. माझी सूचना रमाच्या दुरुस्तीसह वाचावी.

शोधपथक:
हरवलेल्यांना शोधण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून क्रमाने लिहितो.

आधी पूर्ण यादी मिळवा. आठवणीतून केलेली यादी नेहमी अपुरी असते, कारण मागच्या बाकावरचे आठवतात आणि मधल्या बाकावरचे गळतात. निकालाची यादी, प्रॅक्टिकलच्या बॅचेस, होस्टेलच्या खोल्यांची यादी, यातलं जे मिळेल ते. वीस नावं राहिली असतील तर ती वीस जणांत वाटा, प्रत्येकाला एकच. 'सगळ्यांनी शोधा' म्हटलं की कुणीच शोधत नाही.

मुलींची आडनावं बदललेली असतात, त्यामुळे सोशल मीडियावर माहेरच्या नावाने हाती काही लागत नाही. नोकरीच्या साइटवर कॉलेज आणि पासिंगचं वर्ष टाकून पाहा, तिथे बरेच जण पूर्ण नाव लिहितात. शोधताना विद्यापीठाची दोन्ही नावं टाका. पुणे विद्यापीठ २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं आणि लोकांनी आपापल्या मर्जीने दोन्ही लिहिलंय. जुन्या डायरीत पुण्याचा सात आकडी घरचा फोन असेल तर आधी २ लावून बघा. लँडलाइन ठेवलेले आईवडील अजून आहेत आणि ते आनंदाने नंबर देतात, वर चौकशीही करतात.

नंबर मिळाला की लगेच ग्रुपमध्ये ढकलू नका. आधी एकाने फोन करायचा, ग्रुप काय आहे ते सांगायचं आणि विचारायचं. नको म्हणाले तर कारण विचारायचं नाही, नंबर पुढे द्यायचा नाही. काही जणांना तेव्हाचे दिवस पुन्हा उघडायचे नसतात.

गेलेल्यांची यादी करताना प्रत्येक नाव घरच्यांकडून किंवा अगदी जवळच्या मित्राकडून खात्री केल्याशिवाय लिहू नका. ऐकीव माहितीवर श्रद्धांजलीच्या फलकावर नाव गेलं तर पुढे तोंड दाखवायला जागा राहत नाही.

मुठेकाठचा:
शोधपथक, हे प्रिंट काढून भिंतीला लावतो. कॉलेज आणि होस्टेल आतून बघायचं आहे, त्याची परवानगी?

आवक_जावक:
प्राचार्यांच्या नावाने साधं पत्र, किमान महिनाभर आधी. त्यात तारीख, नेमकी वेळ (दोन तासांपेक्षा जास्त मागू नका), किती जण, गाड्यांचे नंबर, कोणत्या इमारती, आणि जबाबदार दोघांची नावं व फोन. दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या. ई-मेलला उत्तर न येण्याची शक्यता जास्त, पोच घेतलेला कागद मात्र टेबलावर फिरतो. मंजुरीची प्रत गेटवरच्या सुरक्षारक्षकाकडे आदल्या दिवशी पोहोचवा, कारण पत्र ऑफिसात मंजूर असतं आणि गेटला माहीत नसतं. होस्टेलच्या खोल्या बघायच्या तर रेक्टरची वेगळी संमती लागते. मुलं तिथे राहतात, त्यामुळे एकेका खोलीत डोकावण्याचा हट्ट नको, व्हरांडा आणि मेसवर भागवा. मुलींच्या होस्टेलमध्ये फक्त बॅचच्या मुली जातील हे पत्रातच लिहा, त्याने मंजुरी लवकर मिळते.

डिसेंबरअखेर परीक्षा असू शकतात. वेळापत्रक विचारल्याशिवाय तारीख लिहू नका. ड्रोनने फोटो काढण्याची कल्पना कुणी मांडली तर तिथेच दाबा, लोहगावला हवाई दलाचा तळ असल्याने शहरात ती परवानगी हा वेगळाच उद्योग आहे.

सरांना बोलवणार असाल तर शाल-श्रीफळापेक्षा न्यायला-आणायला गाडी, तळमजला किंवा लिफ्ट, हात असलेली खुर्ची आणि साडेबाराच्या आत जेवण एवढं बघा. भाषण करायला लावू नका, करायचं असेल तर ते करतीलच.

अंगठेमोजणी:
भाषणांवरून आठवलं. 'प्रत्येकाने तीन मिनिटं बोलायचं' ही कल्पना छान वाटते. पंचेचाळीस गुणिले तीन म्हणजे सव्वादोन तास, तेही सगळे तीनच मिनिटं बोलले तर. त्याऐवजी एक मिनिट, हातात घंटा घेतलेला निर्दय माणूस, आणि माइक फिरता. नाहीतर ओळखीचं काम बिल्ल्यावर सोपवा. नाव, टोपणनाव, खोली नंबर, खाली तेव्हाचा छोटा फोटो. अक्षरं हातभर अंतरावरून चष्म्याशिवाय वाचता आली पाहिजेत. चाळिशी लागलेला माणूस समोरच्याच्या छातीवर वाकून वाचताना बरा दिसत नाही.

पेठेतला_बोका:
टोपणनावं छापताना दुसऱ्या दिवशी मुलं वाचणार आहेत हे लक्षात असू द्या. काही टोपणनावं छापण्यालायक नसतात. (होस्टेलची तर कुठलीच नसतात.)

सदाशिव_सोडलेला:
आता शहरात काय करायचं ते. पंचेचाळीस जण एकत्र नाश्त्याला वैशालीत किंवा गुडलकला जाऊ म्हणाल तर जमणार नाही. एकत्र टेबलं मिळत नाहीत आणि वेटिंगच्या गर्दीत तुम्हीच निम्मे. सहा-सात जणांचे गट करा, प्रत्येक गट आपापल्या जुन्या ठिकाणी जाईल आणि साडेदहाला सगळे एका जागी. मिसळवाल्यांनी लवकर निघावं. नारायण पेठेत बेडेकरांकडे दुपारी उशिरा गेलात तर बोर्ड वाचून परत याल.

दुसऱ्या दिवशी सहकुटुंब पेठांत चालायचं असेल तर गाड्या काढूच नका. डेक्कन जिमखाना स्टेशनवरून मेट्रोने जिल्हा न्यायालय, तिथे मार्गिका बदलून कसबा पेठ. बदलताना वरच्या फलाटावरून जमिनीखाली जवळजवळ तेहतीस मीटरपर्यंत उतरायचं असतं, सरकते जिने एकामागून एक. ज्येष्ठांबरोबर दहा मिनिटं धरा. कसबा गणपती, लाल महाल, शनिवारवाडा, तुळशीबाग करत मंडईला या, चालणं दोन किलोमीटरच्या आसपास. मंडई स्टेशनवरून परत. शनिवारवाड्यात आत जायचं असेल तर तिकीट आधी ऑनलाइन काढा. बाहेरूनच गप्पा मारायच्या असतील तर दिल्ली दरवाजासमोरची जागा पुरते.

मुलांना कंटाळा आला तर तुळशीबागेतून बाहेर काढणं तुमची जबाबदारी. आयांना बाहेर काढणं कुणाचीच नाही.

मुळशीचा_वारा:
सिंहगड विसरलात?

घाटातला_गडी:
सोमवार-मंगळवार असेल तर जमेल, रविवारी वर गाडी नेणं म्हणजे रांगेत उभं राहणं. पायथ्याच्या आतकरवाडीतून चढायला सवय असलेल्याला तास-सव्वा तास, सवय सुटलेल्याला दोन. पंचवीस वर्षांपूर्वी पाऊण तासात चढत होतो हे वाक्य गुडघ्याला ऐकू जात नाही. ज्यांना चढायचंय त्यांनी मंगळवारी पहाटे साडेपाचला हॉटेलवरून निघावं, बाकीच्यांनी गाडीने सात वाजता, वन खात्याच्या नाक्यावर शुल्क भरून. पिठलं-भाकरी, कांदाभजी, मडक्यातलं दही खाऊन दहाला खाली. त्याच दिवशी अकराला पेठांत चालायला जाणारे मात्र कुणी उरणार नाहीत. दोन्हींतलं एक निवडा किंवा दोन गट करा. सगळ्यांनी मिळून चढायचं असेल तर पर्वती पुरे, १०३ पायऱ्या आणि अर्ध्या तासात खाली.

रमा_नागपूर:
आणि कार्यक्रम गच्च भरू नका. सोमवारी दुपारी दोन ते पाच मोकळे ठेवा. लोक येतात ते दोन-तीन ठरावीक माणसांशी बोलायला. ते बोलणं सूत्रसंचालन चालू असताना होत नाही.

मुठेकाठचा:
वाचनखूण साठवली. इथे वाचून आम्ही सहा जणांनी बसून ठरवलं: २८-२९ डिसेंबर, शहरातच, शिवाजीनगर भागात एकच हॉटेल. सोमवारी सकाळी दहा ते चार फक्त बॅच, मुलांसाठी खोली वर्गणीतून. मंगळवारी गडवाले आणि पेठवाले असे दोन गट. पोल आज टाकतोय, दोनच पर्याय, चार दिवस. दुसरा पर्याय काकांसाठी ९-१० जानेवारी.

मुळशीचा_वारा:
रिसॉर्टचा प्रस्ताव मी मागे घेतलेला नाही, नोंद असावी.

पंचांगवाले_काका:
माझ्यासाठी कशाला, मी तुमच्या बॅचचा नाही.

घाटातला_गडी:
शेवटचं एक. रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवसांवर आलंय, प्रवासाचा दिवस सोडून. म्हणजे २७ डिसेंबरला निघणाऱ्यांचं आरक्षण २८ ऑक्टोबरला सकाळी आठला उघडेल आणि ३० ला परतणाऱ्यांचं ३१ ऑक्टोबरला. त्याच सुमाराला सगळे दिवाळीची तिकिटं बघत असतात, साइट रखडते. ग्रुपवर आदल्या रात्री आठवण टाका.

अंगठेमोजणी:
आणि त्या आठवणीला किती अंगठे येतात ते इथे कळवा.